हेडफोन मीटला जाताना या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात कोथरूडला एका मित्राच्या घरी आम्ही दहा-बारा जण आपापले हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जमलो होतो. जेवणाच्या टेबलावर व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) एक अ‍ॅम्प आणि ट्रान्झिस्टरचा एक अ‍ॅम्प शेजारी शेजारी मांडलेले होते, आणि एकच हेडफोन आलटून पालटून दोन्हींना लावून ऐकणे चालू होते. पहिल्या तासाभरात सहा जणांनी ऐकले आणि सहाही जणांनी व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला कौल दिला. कोणी म्हणाले, आवाजात जीव आहे. कोणी म्हणाले, तबला समोर बसून वाजवल्यासारखा वाटतो. मग यजमानांनी आतल्या खोलीतून मल्टिमीटर आणला, दोन्ही नॉब होते तिथेच ठेवले, एकच स्थिर सूर वाजवून दोन्हीकडचे व्होल्टेज मोजले, तेव्हा ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर ०.६२ आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर ०.८२ व्होल्ट भरले. आवाजाच्या मोठेपणाच्या मापात हा फरक सुमारे अडीच डेसिबलचा होतो. दोन्ही आवाज सारखे करून पुन्हा ऐकल्यावर सहांपैकी तिघांनी मत बदलले, दोघांना फरक नेमका सांगता येईना, आणि एक जण आपल्या मतावर कायम राहिला. त्या एकाच्या मताला मी आजही किंमत देतो, कारण ते मत आवाज जुळवल्यानंतरचे होते.

अशा मेळाव्यांत होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि बाकीच्या बऱ्याचशा चुका तिच्याच पोटात येतात. आपला कान थोड्या मोठ्या आवाजाला मोठा न म्हणता चांगला म्हणतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले की, हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते वर येतात. त्यामुळे एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा अ‍ॅम्प ‘भरदार’ आणि ‘मोकळा’ वाटू लागतो, आणि त्या गुणाचे श्रेय आपण सर्किटला देऊन बसतो.

एकाच हेडफोनवर दोन अ‍ॅम्पची तुलना करायची असेल तर आवाज जुळवणे अवघड नाही. साधारण ३०० हर्ट्झचा स्थिर सूर फोनमध्ये ठेवावा, हेडफोन जोडलेलाच असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून मोजावे आणि दोन्ही आकडे शक्य तितके जवळ आणावेत. एक टक्क्याच्या आत आले म्हणजे फरक ०.१ डेसिबलहून कमी राहिला, आणि तेवढे पुरेसे आहे. स्वस्त मल्टिमीटर काही शे हर्ट्झच्या वर चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून १००० हर्ट्झचा सूर घेऊ नये. दोन वेगवेगळ्या हेडफोनची तुलना असेल तेव्हा मात्र व्होल्टेज कामाचे नाही, कारण सारख्या व्होल्टेजवर दोन हेडफोन सारखे मोठे वाजत नाहीत. तिथे माणसाचा आवाज असलेले एकच ध्वनिमुद्रण लावून, गायकाचा आवाज दोन्हींत सारखा मोठा वाटेपर्यंत नॉब कानानेच फिरवावा. ही पद्धत काटेकोर नाही, तरीही काहीच न जुळवण्यापेक्षा ती पुष्कळ बरी. आवाज जुळल्यावर पाच-सात सेकंदांचा तोच तुकडा लगोलग दोन्हींवर ऐकावा. स्वराच्या बारकाव्यांची स्मृती काही क्षणांतच विरते, आणि मधे चहा झाला तर तुलना उरतच नाही.

आवाज न जुळवल्याने होणारा आणखी एक गैरसमज ‘बॅलन्स्ड’ जोडणीबद्दलचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीबद्दलचा, आहे. ज्या अ‍ॅम्पला ३.५ किंवा ६.३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या जॅकसोबत ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅकही असतो, त्यात बॅलन्स्ड जॅकवर अनेकदा जवळपास दुप्पट व्होल्टेज मिळते, म्हणजे नॉब न हलवता आवाज ६ डेसिबलने वाढतो. प्लग बदलताक्षणी वादक दोन पावले पुढे आल्यासारखा जो भास होतो, त्यातला बहुतेक भाग या ६ डेसिबलचा असतो. इथेच एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. बॅलन्स्ड जॅकमधून निघून साध्या ३.५ मिलिमीटरच्या हेडफोनला जोडणारे अ‍ॅडॅप्टर बाजारात मिळतात, ते वापरू नयेत. बॅलन्स्ड अ‍ॅम्पमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूच्या ऋण तारा वेगवेगळ्या चालवलेल्या असतात. असे अ‍ॅडॅप्टर त्या दोन्ही एकत्र जोडते आणि त्यात दुसऱ्याचा अ‍ॅम्प जळू शकतो. उलट दिशेचे अ‍ॅडॅप्टर, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन साध्या जॅकला लावणारे, निर्धोक असते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोनचा विद्युत विरोध (इम्पीडन्स), पाहून कोणत्या हेडफोनला किती ताकद लागेल हे ठरवणे. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे म्हणून तो अवघड, आणि हायफायमॅन एचई-६ हा ५० ओहमचा आहे म्हणून तो सोपा, असा हिशेब नवखे लोक मांडतात. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. एचई-६ ची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते माप, एका मिलिवॉटला ८३.५ डेसिबल इतकी कमी आहे. संगीतातील क्षणिक उंचीसाठी ११० डेसिबल हवे असतील तर त्याला जवळपास ४५० मिलिवॉट म्हणजे सुमारे ४.७ व्होल्ट लागतात, आणि एक व्होल्ट देणारा फोनचा डोंगल (फोनला हेडफोन जोडणारे छोटे उपकरण) तिथे वीस मिलिवॉटच्या पुढे जाऊ शकत नाही. अशा वेळी ऐकणारा म्हणतो, ‘हा हेडफोन निर्जीव आहे’, आणि खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे वळतो. त्याआधी मालकाला विचारावे की हा तुम्ही घरी कशावर ऐकता, आणि शक्य असल्यास त्याच अ‍ॅम्पवर ऐकावे.

ओहम वाचायचाच तर अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतल्या विरोधाच्या, जोडीने वाचावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प, ज्यांना हौशी मंडळी ओटीएल म्हणतात, त्यांचा आउटपुट इम्पीडन्स शंभर ओहमच्या पुढे असू शकतो. १२० ओहमचा अ‍ॅम्प धरला आणि त्याला ३२ ओहमचा हेडफोन लावला, तर अ‍ॅम्पने तयार केलेल्या व्होल्टेजचा जेमतेम पाचवा हिस्सा हेडफोनपर्यंत पोहोचतो. बाकीचे अ‍ॅम्पच्या आतच खर्ची पडते आणि खर्जाचे स्वर ढिले वाटू लागतात. त्याच अ‍ॅम्पला एचडी ६०० लावला की चित्र बदलते. या हेडफोनचा इम्पीडन्स नावाला ३०० ओहम असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्या घरात चढतो, त्यामुळे त्या पट्ट्यात त्याला थोडे अधिक व्होल्टेज मिळते आणि खर्ज सुमारे एक डेसिबलने उचलला जातो. ‘व्हॉल्व्हचा उबदारपणा’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातला एक वाटा या साध्या गणिताचा आहे. ते कौतुक खोटे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. मलाही ती जोडी मनापासून आवडते. पण ती चव त्या जोडीची आहे, एकट्या अ‍ॅम्पची नाही. एकाहून अधिक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे छोटे घटक; वरच्या बॅलन्स्ड जोडणीशी यांचा संबंध नाही) असलेल्या दहा-पंधरा ओहमच्या इअरफोनना तर असा अ‍ॅम्प लावूच नये, कारण त्यांचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो आणि त्यांचा सारा तोलच बिघडून जातो.

जागेचा विचार फार थोडे लोक करतात. मागून उघडे असलेले हेडफोन बाहेरचा आवाज जवळजवळ तसाच आत येऊ देतात. कोथरूडच्या त्या हॉलमध्ये छताचा पंखा चालू असताना तानपुऱ्याची जवार ऐकूच येत नव्हती. पंखा बंद केला, रस्त्याकडच्या खिडक्या ओढून घेतल्या, आणि त्याच हेडफोनमध्ये तारांचा तो झंकार सुटा सुटा ऐकू आला. टोकियोतला हेडफोन मात्सुरी किंवा सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्क इथे भरणारे कॅनजॅम यांसारख्या मोठ्या मेळाव्यांत तर शेकडो माणसांच्या बोलण्याचा गलका असतो. तिथे बंद पाठीचे हेडफोन आणि कानात घट्ट बसणारे इअरफोन आपोआप सरस वाटतात, आणि भरपाई म्हणून आपण उघड्या हेडफोनचा आवाज वाढवत नेतो. उघड्या हेडफोनबद्दलचे मत गर्दीत बनवू नये. सकाळी दार उघडताच किंवा जेवणाच्या सुट्टीत ते ऐकावेत.

वाढवलेल्या आवाजाने कानाचेही नुकसान होते. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढता येतात, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. दुपारनंतर सगळेच हेडफोन निस्तेज वाटू लागले तर दोष हेडफोनचा नसतो, कान थकलेले असतात. अशा वेळी अर्धा तास बाहेर बसावे.

ऐकण्याचे संगीत आपले असावे, आणि ते फोनमध्ये फाइल म्हणून उतरवून न्यावे. यजमानाच्या यादीतले झगमगीत ध्वनिमुद्रण प्रत्येक हेडफोनवर छान वाजते, त्यातून काही कळत नाही. ज्या ख्यालाची सम कुठे येते हे आपल्याला झोपेतही सांगता येईल, ज्याच्या मुद्रणातला खोकलासुद्धा ओळखीचा आहे, असे दोन-तीन तुकडे पुरतात. डग्ग्यावर मनगट सरकते तेव्हाची घूम शेवटपर्यंत ऐकू येते का, गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो का, संवादिनी आणि गळा एकमेकांत मिसळतात की वेगळे राहतात, एवढे तीन प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. जाण्यापूर्वी फोनमधला इक्वलायझर, डॉल्बी आणि आवाज आपोआप समान करणारी सोय, ही तिन्ही बंद असल्याची खात्री करून घ्यावी.

इअरफोनला खर्जच नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी टिप, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी, पाहतो. सिलिकॉनची टिप एक माप लहान असली तर कानाशी फट राहते आणि खालचे स्वर त्या फटीतून निघून जातात. बंद हेडफोनमध्ये हेच काम चष्म्याची काडी करते; चष्मा काढून पुन्हा ऐकावे, म्हणजे फरक लगेच कळतो. टिपा आपल्या घरून न्याव्यात आणि दुसऱ्याचा इअरफोन पुसून परत द्यावा, हे वेगळे सांगायला नको.

आता ऐन वेळी उद्भवणाऱ्या बिघाडांकडे वळू. गाणे सुरू केले आणि वाद्ये दूर कुठेतरी वाजत आहेत पण गायक जवळजवळ गायब आहे, असे झाले तर हेडफोनला नावे ठेवण्याआधी प्लग पूर्ण आत गेला आहे का ते पाहावे. प्लग अर्धवट बसला की सामाईक तार सुटते, डाव्या-उजव्या बाजूंमधला केवळ फरकच कानाला मिळतो, आणि मध्यभागी मुद्रित केलेला गळा पुसला जातो. माइक असलेला चार पट्ट्यांचा प्लग जुन्या धाटणीच्या जॅकमध्ये घातला तरी हाच प्रकार होतो. तो किंचित बाहेर ओढल्यावर आवाज नीट आला तर कारण कळले, आणि मग योग्य अ‍ॅडॅप्टर शोधावे.

सतत घुमणारी ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर चार अ‍ॅम्प आणि दोन लॅपटॉप जोडले की अर्थिंगचे वेटोळे तयार होते, आणि दहांपैकी आठ वेळा लॅपटॉप बॅटरीवर घेतला की गुणगुण थांबते. गाणे बंद असतानाही बारीक सुस्कारा ऐकू येत असेल तर तो अतिसंवेदनशील इअरफोन आणि जास्त गेनचा (आवाज किती पटीने वाढवायचा त्या पातळीचा) अ‍ॅम्प यांच्या जोडीचा परिणाम असतो. गेन खाली आणावा. एका बाजूचा आवाज मोठा वाटत असेल तर हेडफोन उलटा घालून पाहावा. मोठी बाजू हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष पुढचा, म्हणजे हेडफोनचा, केबलचा किंवा अ‍ॅम्पचा. ती त्याच कानात राहिली तर कान दाखवायला हवा. साधे नॉब अगदी सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही बाजू सारख्या देत नाहीत, म्हणून इअरफोन ऐकताना गेन कमी ठेवून नॉब थोडा पुढे न्यावा.

स्टॅक्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन समोर आले तर ते मालकाच्या हातूनच जोडून घ्यावेत. त्यांच्या नव्या पाच पिनांच्या जातीला ५८० व्होल्टचा बायस (हेडफोनच्या पडद्याला सतत द्यावा लागणारा विद्युत दाब) लागतो, जुन्या सहा पिनांच्या जातीला २३० व्होल्टचा. नवा हेडफोन जुन्या सॉकेटमध्ये बसतो खरा, पण अपुऱ्या बायसमुळे तो हळू वाजतो, आणि त्यावरून त्याची पारख करणे अन्यायाचे होईल.

कोणताही हेडफोन लावण्यापूर्वी नॉब शून्यावर आणावा आणि उठतानाही तो शून्यावर ठेवूनच उठावे, कारण आपल्या मागून बसणाऱ्याच्या कानात कदाचित इअरफोन असेल. ओटीएल अ‍ॅम्प चालू किंवा बंद करताना हेडफोन काढून ठेवावा, कारण त्या क्षणी येणारा धक्का हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागाला, म्हणजे ड्रायव्हरला, सोसवेलच असे नाही. त्याला तापायला पाच-दहा मिनिटे द्यावीत, आणि संध्याकाळी आवराआवर करताना ६०८० सारख्या मोठ्या व्हॉल्व्हला हात लावू नये. बंद केल्यानंतरही त्याची काच बराच वेळ बोट भाजेल इतकी गरम असते. कोथरूडला आम्ही तो अ‍ॅम्प सर्वांत आधी बंद केला, बाकीचे सगळे डब्यांत भरले, केबली मोजून ज्याच्या त्याला दिल्या, आणि शेवटी काच निवली आहे याची खात्री करून तो कापडात गुंडाळला.