पावसाळी सॅक घेताना लिटर कसे ठरवाल?

रोजच्या ऑफिसला लॅपटॉप, डबा, बाटली, छत्री एवढंच असेल तर 20 ते 25 लिटर पुरतात. राजमाची-हरिश्चंद्रगडासारख्या मुक्कामी ट्रेकला 40 ते 50 घ्या. दोन्हीसाठी एकच हवी असेल तर 30 ची बघा, पण लोकलच्या गर्दीत ती अडचणीची होते.

तोंड गुंडाळून बंद होणारी सॅक घेताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. पाणी अडायला तोंडाला किमान तीन घड्या बसाव्या लागतात, आणि त्यात वरची जागा जाते. म्हणून गरजेपेक्षा 4-5 लिटर मोठी घ्या. गच्च भरून एकच घडी घातली, की पाणी आत आलंच.

साध्या सॅकचं कापड भिजलं नाही तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी झिरपतं. दुकानात सॅक उलटी करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते बोट फिरवून बघा. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीवरून ओघळणारं पाणी ते अडवत नाही. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा, कपडे कोरडे राहतात.