जीटी ८६ ला अठरा इंची रिम: आधी टायर ठरवा, मग रिम

टोयोटा जीटी ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांची पहिली पिढी २०१२ मध्ये आली. अमेरिकेत सुरुवातीची काही वर्षं हीच गाडी सायन एफआर-एस या नावानं विकली गेली. भारतात ती अधिकृतपणे विक्रीला आली नाही, पण न्यू जर्सी, बे एरिया किंवा मेलबर्नमधल्या मराठी घरांसमोर जुन्या बाजारातून घेतलेली एखादी दिसू शकते. घेतल्यानंतर पहिला खर्च बहुतेकदा मोठ्या रिमवर होतो. रिम आवडते, ऑर्डर जाते, आणि नंतर तिच्यावर कोणता टायर बसेल याचा शोध सुरू होतो. क्रम इथेच उलटा पडतो.

गाडीबरोबर बहुतेक ठिकाणी १७ इंच व्यासाची, ७ इंच रुंदीची, ४८ मिमी ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येतं) रिम आणि २१५/४५ आर १७ मापाचा मिशेलिन प्रायमसी एचपी टायर यायचा. हा टायर मुळात आरामशीर प्रवासी गाड्यांचा. गाडीची शेपटी कमी वेगातही खेळकरपणे सरकावी म्हणून तो मुद्दाम निवडलेला होता. चाहते त्याला ‘प्रियसचे टायर’ (प्रियस ही टोयोटाची इंधन वाचवणारी हायब्रिड गाडी) म्हणून हिणवतात ते त्यामुळेच. याचा व्यवहारी अर्थ असा की या गाडीला सगळ्यात मोठा फायदा रबर बदलल्यानं होतो. त्याखालोखाल रुंदीनं, आणि व्यासानं जवळजवळ काहीच नाही. बजेट तुटपुंजं असेल तर मूळ १७ इंची रिमवरच चांगल्या दर्जाचा २१५/४५ किंवा २२५/४५ टायर चढवा. हजार डॉलरच्या रिमवर स्वस्तातला टायर लावलेल्या गाडीपेक्षा ही गाडी वळणात नक्की पुढे जाईल.

तरीही अठरा इंची हवीच असेल (दिसते छान, हे कबूल), तर सुरुवात व्यासाच्या हिशेबानं करा.

टायरची रुंदी (मापातला पहिला आकडा, मिमीमध्ये) गुणिले उंचीची टक्केवारी (दुसरा आकडा), त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास (‘आर’ नंतरचे इंच) मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. मूळ टायर: २१५ चे ४५ टक्के ९६.७५, दुप्पट १९३.५, अधिक ४३१.८, म्हणजे ६२५.३ मिमी. अठरा इंचातले पर्याय याच्याशी ताडून पाहा:

२१५/४० आर १८: ६२९.२ मिमी, ०.६ टक्के जास्त
२२५/४० आर १८: ६३७.२ मिमी, १.९ टक्के जास्त
२३५/४० आर १८: ६४५.२ मिमी, ३.२ टक्के जास्त
२४५/३५ आर १८: ६२८.७ मिमी, ०.५ टक्के जास्त

दोन टक्क्यांच्या आत राहा. २३५/४० स्वस्त आणि सहज मिळतो म्हणून लोक घेतात आणि फसतात. स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या आसपास असते, आणि चाकाशी मिळणारा जोर तीन टक्क्यांनी घटतो. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत ते जाणवणार नाही. इथे दोन लिटरचं, सुमारे २०० अश्वशक्तीचं इंजिन आहे, टर्बो नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना गाडी मरगळल्यासारखी वाटते आणि मालक इंजिनाला दोष देत बसतो.

रोजच्या वापराला २२५/४० आर १८ आणि ८ इंच रुंद रिम ही सरळ जोडी. ट्रॅकवर जाणाऱ्यानं २४५/३५ आर १८ आणि साडेआठ ते नऊ इंच रिम घ्यावी. २१५/४० वाईट नाही, टोयोटानं पुढच्या पिढीतल्या जीआर ८६ ला साडेसात इंच रिमवर तोच दिला. पण नवी रिम घेऊन रुंदी तीच ठेवायची तर खर्चाचा उद्देश फक्त देखणेपणा उरतो. एकोणीस इंच? २२५/३५ आर १९ मध्ये साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, ७९ मिमीच उरते, मूळची ९७ होती. खड्ड्याच्या कडेवर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायर चिमटला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. न्यू जर्सीत हिवाळा सरताना रस्त्यांना जे खड्डे पडतात, ते पाहता हा सौदा महागात जातो.

प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची मर्यादा असते, ती उत्पादकाच्या तक्त्यात छापलेली असते. २२५/४० आर १८ साठी साधारण साडेसात ते नऊ इंच, २४५/३५ साठी आठ ते साडेनऊ. रिम फार रुंद घेतली की टायर ताणला जातो, कड रिमच्या आत जाते आणि फुटपाथला पहिला धक्का रिम खाते. जोराच्या वळणात कमी हवेवर बीड (टायरची रिमला घट्ट धरणारी कड) सुटण्याचा धोका वेगळाच. रिम अरुंद असेल तर टायर फुग्यासारखा बाहेर येतो आणि स्टिअरिंगला उत्तर उशिरा देतो. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिमी रुंदावतो, हे जागा मोजताना धरा.

आता ऑफसेट. रिमची हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) टेकणारी पाटी मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा. मूळ सात इंची रिमची अर्धी रुंदी ८८.९ मिमी. त्यात ४८ मिळवले तर आतली बाजू १३६.९, वजा केले तर बाहेरची ४०.९. आठ इंच, ४५ ऑफसेटच्या रिमचे आकडे १४६.६ आणि ५६.६. म्हणजे आत शॉकअब्सॉर्बरकडे सुमारे १० मिमी आणि बाहेर फेंडरकडे १६ मिमी सरकली. साडेआठ इंच, ४० ऑफसेटची रिम आत ११ मिमी जाते, पण बाहेर तब्बल २७. दुकानदार ‘बसते’ म्हणतो तेव्हा तो बोल्टबद्दल बोलतो, फेंडरबद्दल नाही. बाहेरचे २७ मिमी रुंद टायरसह ठेवायचे तर पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कल, द्यावा लागतो. कारखान्यातून पुढे तो जवळपास शून्य येतो. कॅम्बर बोल्ट टाकून एक-दीड अंश मिळाला तर जागाही होते आणि पुढची पकडही सुधारते, म्हणून हा खर्च वाया जात नाही.

पीसीडी, म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास, ५×१००; हबचा व्यास ५६.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच रिमचं मधलं भोक ७३.१ मिमीचं असतं. त्यासाठी ७३.१ ते ५६.१ ची हब रिंग (मधली फट भरणारं कडं) घ्या, नाहीतर ताशी ९०–१०० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस तीनदा बॅलन्सिंग करून घेतो. फोक्सवॅगन पोलोचा पीसीडीही ५×१०० आहे, पण तिचा हब ५७.१ चा. पोलोची रिम या गाडीच्या हबवर एक मिलिमीटर सैल बसते, तर या गाडीची मूळ रिम पोलोच्या हबवर चढतच नाही. नटांचीही गंमत आहे. टोयोटाचा बिल्ला असला तरी हबचं सामान सुबारूचं, त्यामुळे नट एम १२ × १.२५ आट्यांचे लागतात. कोरोलाचे एम १२ × १.५ चे नट दोन आटे फिरून अडकतात, आणि पान्यानं जोर लावला की स्टड (हबवरचा बोल्ट) खराब होतो. नव्या रिमला शंकूच्या आकाराचं बूड असलेले नट लागतात का, तेही आधी पाहा.

साइडवॉलवर मापाच्या पुढे भारांक आणि वेगाचं अक्षर असतं. मूळ टायर ८७डब्ल्यू, म्हणजे प्रत्येकी ५४५ किलो आणि ताशी २७० किलोमीटर. त्याहून कमी भारांक घेऊ नका. २१५/४० आर १८ चा साधा टायर ८५ चा, म्हणजे ५१५ किलोचा असतो. या गाडीला घ्यायचाच तर ८९ एक्सएल (जादा भार पेलणारा) घ्या. २२५/४० बहुधा ९२ एक्सएल मिळतो, ६३० किलो. पण एक्सएलचा हा आकडा २९० किलोपास्कल हवेचा आहे, साध्या टायरचा २५० चा. २४० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३५ पीएसआय भरले तर ९२ एक्सएल साधारण ५४० किलो उचलतो आणि मूळ ८७ चा टायर ५२७. म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा दाबच थंड टायरमध्ये ठेवला तरी चालतं. ‘लो प्रोफाइल आहे, हवा कमी ठेवा, आराम मिळेल’ हा सल्ला मात्र ऐकू नका. चिमटलेले टायर त्यातूनच निघतात.

आता खरी निवड, रबराची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा असतो; तो जितका मोठा तितका टायर सावकाश झिजतो. तो कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे काट्यावर तोलू नका, पण जात कळायला पुरतो. ३०० ते ३४० च्या घरातले उन्हाळी टायर, उदाहरणार्थ मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस (३००) किंवा कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ (३४०), रोजची गाडी आणि वर्षातून दोन-तीन ट्रॅक दिवस यांना सर्वात योग्य. पावसातही भरवशाचे. २०० वाले, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस किंवा योकोहामा अॅडव्हान निओव्हा एडी०९, कोरड्या रस्त्यावर चिकटतात, पण लवकर झिजतात, आवाज करतात, आणि अर्धे झिजले की साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतात. ऑफिसला जायच्या गाडीला ते घेणं म्हणजे भाजी आणायला खिळ्यांचे बूट घालून जाणं.

उन्हाळी रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होतं आणि पकड सोडतं. गोठवणाऱ्या थंडीत ते वाकलं की तडाही जाऊ शकतो, म्हणून असे टायर बर्फाळ गॅरेजमध्ये हलवतानाही सांभाळा. बर्फाच्या प्रदेशात राहत असाल तर मूळ १७ इंची रिम विकू नका, त्यांवर हिवाळी टायर चढवा आणि अठरा इंची सेट नोव्हेंबर ते मार्च आत ठेवा.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच नमुन्याचे घ्या. मागे रुंद, पुढे अरुंद लावायची हौस या गाडीला मारक आहे. तिचा तोल समान टायरवर बेतलेला आहे, मागे पकड वाढवली की नाक वळणाबाहेर पळू लागतं. घेताना साइडवॉलवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तीन-चार वर्षं पडून राहिलेला टायर ताज्या टायरच्या भावात घेऊ नका.

चारही टायर चढवण्याआधी एकाच रिमवर एक चढवून पुढे आणि मागे लावून पाहा. फेंडरच्या आतल्या कडेला आणि पुढच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग मागे दोन माणसं बसवून गाडी अंगणाच्या चढावर हळू न्या. गोळा चपटा झाला तिथे टायर लागणार. पुढे बहुतेकदा बंपर आणि फेंडर जिथे जुळतात तिथलं अस्तर घासतं, मागे फेंडरची दुमडलेली कड. आत शॉकअब्सॉर्बर आणि टायर यांच्यामध्ये किमान ५ मिमी फट हवी.

बसवताना साइडवॉलवरचा बाण किंवा ‘बाहेरची बाजू’ ही खूण तपासा, टायरवाल्याकडून घाईत उलटा चढवला जातो. प्रेशर सेन्सर जुन्या रिममधून काढून लावता येतात. नवे घेतलेत तर अमेरिकेत ३१५ आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झची पद्धत असते, चुकीचा घेतला तर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. नट ताऱ्याच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं १२० न्यूटन मीटरला आवळा. हवेच्या गननं आवळलेले नट कधी सैल राहतात, तर कधी स्टड ताणतात. नव्या रिमचा रंग दबून नट किंचित सैल होतात, म्हणून ८०–१०० किलोमीटरनंतर थंड चाकांवर पुन्हा पाना लावा. अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या. पहिले तीनशे किलोमीटर जपून चालवा, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला निसरडा थर तोवर वरच असतो.