आखूड आतडं, हार्मोनचं इंजेक्शन आणि घरातली तयारी

ऑपरेशनमध्ये आतड्याचा बराच भाग काढला असेल, तर सगळ्यात आधी डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: लहान आतडं किती सेंटीमीटर उरलंय, आणि मोठं आतडं जोडलेलं आहे का. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं. ते 200 सेंटीमीटरच्या खाली गेलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, पाणी आणि मीठही वाहून जातं. माझ्या धाकट्या भावाच्या कागदावर नुसतं 'बरंचसं आतडं काढलं' एवढंच होतं. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि त्या एका ओळीसाठी आम्ही कणकवलीहून पुन्हा मुंबई गाठली.

मग वही घाला. रोज सकाळी वजन, दिवसभरात तोंडावाटे काय गेलं, लघवी किती, जुलाब किंवा पोटावरच्या पिशवीतून (आतड्याचं तोंड पोटावर काढलं असेल तर तिथे लावलेली) किती. त्यासाठी खुणा असलेली दोन प्लॅस्टिकची भांडी वेगळी ठेवा, अंदाजाने लिहू नका. या वहीचं मोल इंजेक्शनाच्या वेळी कळतं. जेवणानंतर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून आणि मोठ्या आतड्यातून जीएलपी-2 हे हार्मोन सुटतं आणि आतड्याचं अस्तर वाढवतं, पण रक्तात ते काही मिनिटंच टिकतं. टेडुग्लुटाइड हे त्याचंच जास्त वेळ टिकणारं रूप. अमेरिका आणि युरोपात 2012 मध्ये त्याला मान्यता मिळाली. शिरेवाटे पोषण घेणाऱ्यांवरच्या चाचणीत 63 टक्के लोकांचं आठवड्याचं सलाईन किमान 20 टक्क्यांनी उतरलं. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांतही 30 टक्क्यांचं उतरलं. दोन्हीकडे लघवी मोजूनच सलाईन कमी केलं जात होतं. म्हणून मी म्हणते, औषधाआधी वही.

इंजेक्शन ठरलं तर त्याआधीच्या सहा महिन्यांतली मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी हवी. पॉलिप (अस्तरावर वाढलेली गाठ) असेल तर आधी काढतात, कारण हे औषध वाढ घडवतं, नको तिथलीही. पोटाचा कॅन्सर असेल तर देतच नाहीत. पित्ताशयाची सोनोग्राफी आणि स्वादुपिंडाच्या रक्ततपासण्याही उरकून घ्या. औषध अतिशय महाग आहे. कुठून मिळेल आणि महिन्याला किती पैसे लागतील हे सुरू करण्याआधी लेखी घ्या, मधेच थांबायची पाळी नको. डोस वजनावर ठरतो, रोज एकदा, कातडीखाली. पावडरीत पाणी घातल्यावर बाटली जोरात हलवायची नाही, तळव्यांत हळू फिरवायची. टोचायची जागा रोज बदला. आतडं जास्त पाणी शोषू लागलं आणि सलाईन तेवढंच राहिलं तर पाय सुजतात, धाप लागते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आता पाणी. यात चूक माझीच झाली. शहाळं म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचं पहिलं औषध. देवगडच्या मे महिन्यात, पिशवी असताना, मी त्याला दिवसात तीन शहाळी पाजली. संध्याकाळी पिशवी पुन्हा पुन्हा भरत होती, आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की तो खाटेची पाटी धरून ओरडला. शहाळ्यात सोडियम फार कमी असतं. मोठं आतडं जोडलेलं नसेल तर असं पाणी, अगदी साधं पाणीसुद्धा, अंगातलंच मीठ ओढून बाहेर नेतं. त्याऐवजी एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. छोटा डिजिटल काटा आणा, चिमटीवर जाऊ नका. थंड करून घोट घोट, दिवसभर. किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा.

जेवण पाच-सहा वेळा, थोडं थोडं. मऊ भात, मीठ घातलेली पेज, काटे काढलेला मासा, अंडं हे सगळं चालतं. गूळ, साखर, सरबतं बंद. मोठं आतडं जोडलेलं असेल तर अळू, माठ आणि पालक बाजूला ठेवा, त्यातल्या ऑक्झलेटने मुतखडे होतात. अळूचं फतफतं बंद झालं तेव्हा आईच जास्त हळहळली. जुलाबाची गोळी लिहून दिली असेल तर जेवणाआधी अर्धा तास. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला असेल तर बी-12 चं इंजेक्शन कायमचं, आणि मॅग्नेशियम, जस्त, डी जीवनसत्त्व वेळोवेळी तपासायचं.

घरी शिरेवाटे पोषण चालू असेल तर पावसाळा वेगळा धरा. त्या पोषणाच्या पिशव्या 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. जून 2020 च्या निसर्ग वादळात उत्तर कोकणात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. इन्व्हर्टर फ्रिज ओढतो का हे आधी चालवून बघा, थर्मामीटर आत ठेवा, बर्फाची पेटी तयार ठेवा.

पोषणासाठी शिरेत नळी असलेल्याला थंडी वाजून ताप आला तर रात्र काढू नका, क्रोसिन देऊन वाट बघू नका. तो रक्तातला संसर्ग असू शकतो. दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली ठेवा: कागदांच्या झेरॉक्स, वही, औषधांची यादी, मीठ-ग्लुकोजची पाकिटं, दोन जोड कपडे. आणि रात्री अडीचलाही उचलेल अशा गाडीवाल्याचा नंबर फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत.