मिरगाआधी: जळण, खुराडं आणि लोणी

रोहिणी नक्षत्र निघालं की खानापूर-जांबोटीकडे धूळवाफ पेरणीची (पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीची) घाई सुरू होते आणि परसातली कामं मागे पडतात. मिरग ७-८ जूनला लागतो. त्याआधीचे दोन-तीन दिवस तरी घरासाठी काढाच. कणकुंबीच्या बाजूला एकदा झड बसली की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, आणि ओलं जळण ऐन श्रावणात वाळवता येत नाही. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथे एवढी तातडी नाही. हे मुख्यतः खानापूर, बेळगावचा पश्चिम भाग आणि लागून असलेल्या चंदगडच्या घरांसाठी.

आधी जळण. लाकूड वाळलंय की नाही ते नुसतं बघून कळत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. आवाज खणखणीत आला तर वाळली, बद्द आला तर आत पाणी आहे. वाळलेल्या ढलपीच्या टोकाला चिरा पडतात आणि साल नखाने सुटते. हिवाळ्यात तोडून फोडलेलं लाकूड आता चुलीजोगं झालं असेल. गेल्या महिन्यात तोडलेली निलगिरी किंवा अकेशिया त्यात मिसळू नका, तिची रास वेगळी घाला, ती दिवाळीनंतर कामाला येईल. अख्खे ओंडके असतील तर आताच फोडून ठेवा. सालीतून पाणी फारसं बाहेर पडत नाही, ते कापलेल्या तोंडातून आणि फोडलेल्या अंगातून जातं. मनगटाएवढी जाडी पुरे.

रास जमिनीवर थेट रचू नका. खाली दगड किंवा वासे घालून वीतभर उचला, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही टळतात. वर पत्रा आणि बाजू मोकळ्या. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळणारे बरेच दिसतात, पण त्याने आतली वाफ आतच कोंडते आणि लाकडाला बुरशी धरते. शेणींचा हुडवा (रचलेला ढीग) शाकारून घ्या. करवंट्या, तुराट्या, काटक्या असं पेटवण घरात कोरड्यात ठेवा.

काजू कारखान्यातली टरफलं स्वस्तात मिळतात आणि तेलामुळे भडकून पेटतात, पण त्यांचा धूर डोळ्यांना आणि छातीला फार वाईट. स्वयंपाकाच्या चुलीत ती नकोतच. बिब्बा, कण्हेर आणि रंग दिलेलं लाकूडही नको.

रास खुराड्याला चिकटून घालू नका. कोंबड्यांच्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि लाकडांच्या फटी त्यांना आयत्याच मिळतात. पावसात घोणस आणि नाग हमखास कोरड्या जागेला येतात. काठीने ठोकल्याशिवाय राशीत हात घालायचा नाही, पोरांनाही हे शिकवा. संध्याकाळनंतर लागणारं जळण दिवसाउजेडीच घरात आणा.

खुराड्यात खाली भाताचं तूस घालत असाल तर जुनं काढून दोन-तीन इंचांचा नवा थर द्या. पावसाळाभर ते दर दोन-तीन दिवसांनी हलवा. मूठभर तूस दाबून बघा. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. तेवढं तूस काढून टाका. ओल्या तुसातच पिल्लांची रक्ती हगवण वाढते. विष्ठेत रक्त दिसलं की पिल्लू वेगळं करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका.

राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाला औषध नाही, लसच. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा ही लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठ आठवड्यांनंतर त्याच रोगावरच्या आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. देवीचा रोग डास पसरवतात, म्हणून तिचीही लस पावसाआधी. लस बर्फातून आणावी लागते आणि कालवल्यावर साधारण दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत बहुधा शंभर कोंबड्यांना पुरेल एवढी लस असते, त्यामुळे दहा-बारा कोंबड्यांच्या घराने एकट्याने आणण्यात अर्थ नाही. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एका सकाळी उरकावं. रोग कुंपण बघून थांबत नाही, शेजारच्या कोंबड्या तशाच राहिल्या तर आपल्यालाही धोका. आजारी कोंबडीला लस देऊ नका.

बुरशी आलेला मका किंवा शेंगपेंड कोंबड्यांना घालू नका, त्यातलं विष यकृतावर जातं. चुलीची चाळलेली, गार राख कोरड्या मातीत मिसळून एका आडोशाला ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसवा-उवा कमी होतात.

आता लोणी. पावसाळ्यात झाड तारेवर पडून वीज जाते, तेव्हा फ्रीजच्या भरवशावर आठ-दहा दिवसांची साय साठवू नका. चार दिवसांत विरजण लावा आणि घुसळा. लोणी मऊ पडून वर येत नसेल तर गार पाणी घाला, फार थंडीत मात्र कोमट. गोळा जमल्यावर पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवा. आत राहिलेलं ताकच लोण्याला वास आणतं.

कढवताना जाळ नको, निखारे हवेत. ओल्या लाकडाचा धूर तुपात उतरतो आणि मग तो वास जात नाही. तडतड थांबली आणि बेरी (तळाशी बसणारा गाळ) तांबूस झाली की उतरवा. तूप पूर्ण कोरड्या बरणीत गाळा.

ताक उरलं तर कोंबड्यांना खुशाल द्या, पण मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात. जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात आंबट ताकाने जस्त उतरतं. आणि संध्याकाळी ते भांडं धुऊन टाका.