ट्रॅव्हल सॉफ्टबॉल: मुलींचा खेळ सुधारता सुधारता संघ कसा बांधावा

मागच्या ऑक्टोबरात एका सामन्यात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली खेळाडू) आणि सेंटर फील्ड (तिच्या मागे, मैदानाच्या लांबच्या भागात मधोमध उभी असणारी) यांच्यामध्ये एक उंच चेंडू गेला. दोघी धावल्या, दोघी थांबल्या, आणि चेंडू दोघींच्या बुटांपासून हातभर अंतरावर गवतात पडला. दोघींचे झेल पक्के. सरावात असे चेंडू त्यांनी शंभर वेळा घेतलेले. पण ‘माझा’ म्हणून कोणीच ओरडलं नाही. दोन धावा गेल्या, आणि पुढच्या दोन इनिंग त्या एकमेकींकडे बघायलाही तयार नव्हत्या.

मी न्यू जर्सीत १२यू, म्हणजे १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलींच्या ट्रॅव्हल सॉफ्टबॉल संघाची सहायक कोच आहे. ट्रॅव्हल संघ म्हणजे निवड करून बांधलेला आणि गावोगावच्या स्पर्धांत खेळणारा संघ. माझी मुलगी याच संघात सेकंड बेस खेळते. पालक म्हणून आणि कोच म्हणून सतत पडणारा प्रश्न हाच, की दोन तासांच्या सरावात प्रत्येकीचा हात सुधारायचा की बारा जणींचं सूत जुळवायचं? आता माझं मत ठाम झालं आहे. ही दोन कामं वेगवेगळ्या तासांत विभागू नयेत. जिथं जमेल तिथं एकाच सरावात गुंफावीत. ते कसं, हे ज्यांच्या मुली इथं खेळतात आणि जे स्वतः मदतीला मैदानात उतरतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. ऑगस्टमध्येच सगळं स्पष्ट बोलून घ्या

ट्रॅव्हल संघाची निवड बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या आसपास होते. मग शरद ऋतूतले सामने, हिवाळ्यात बंदिस्त जागेत सराव आणि वसंतापासून जुलैपर्यंत स्पर्धांचे शनिवार-रविवार. म्हणजे जवळजवळ वर्षभर त्याच मुली, तेच पालक. निवडीनंतरच्या पहिल्या बैठकीत चार गोष्टी लेखी द्या: संघात किती जणी असतील, पिचर (बॅटरला चेंडू टाकणाऱ्या) किती, कोणाला किती खेळायला मिळेल हे कशावर ठरेल, आणि बाहेरच्या मुली पाहुण्या म्हणून कधी बोलावल्या जातील. पालकांची बहुतेक भांडणं या चार गोष्टींवरूनच होतात, आणि पालकांमधली कुजबुज मुलींपर्यंत पोचायला एक कारप्रवास पुरतो.

२. मुलींचं वय आणि चेंडूचं माप लक्षात घ्या

ही पायरी बरेच कोच गाळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. १०यू गटात चेंडूचा घेर ११ इंच असतो आणि पिचिंगचं अंतर ३५ फूट. १२यूमध्ये चेंडू १२ इंची होतो आणि अंतर ४० फूट. १४यूला ते ४३ फूट होतं. मागच्या जुलैत छान पिचिंग करणारी मुलगी सप्टेंबरमध्ये अचानक बिघडल्यासारखी वाटते, कारण चेंडू तिच्या तळहातात नीट मावत नाही आणि पाच फूट जास्त जायचं असतं. स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या टप्प्यात नीट जाणारे चेंडू, पडत नाहीत आणि वॉकवर वॉक जातात, म्हणजे चार चेंडू बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर पोचते.

आता मागे उभ्या सात मुलींचा विचार करा. दहा-दहा मिनिटं एकही चेंडू त्यांच्याकडे येत नाही. एक गवत उपटते, दुसरी सुस्कारा टाकते, तिसरी मान हलवते. पिचर वळून बघते तेव्हा तिला हेच दिसतं, आणि पुढचा चेंडू आणखी बाहेर जातो. अंगातलं कौशल्य आणि संघाचं मन इथं एकमेकांत कसं अडकलेलं असतं, ते यापेक्षा स्पष्ट कुठंच दिसत नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मुलींना मैदानावर बसवून दोन्ही चेंडू हातात दिले आणि दोन्ही अंतरं मोजून दाखवली. मग प्रत्येकीला ४० फुटांवरून दहा चेंडू टाकायला लावले. कोणाचेच दहापैकी तीनहून जास्त धड गेले नाहीत. त्यानंतर पिचरवर सुस्कारे बंद झाले, कोणाला काही सांगावं लागलं नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येक चेंडूआधी इनफील्डमधल्या, म्हणजे बेसजवळ उभ्या असणाऱ्या चौघींनी किती आउट झाल्या आणि चेंडू आला तर कुठं टाकायचा, हे मोठ्यानं बोलायचं. त्यानं लक्ष खेळात राहतं, आणि पिचरला पाठीमागून माणसांचा आवाज येत राहतो.

३. सरावाची वाटणी मोसमाप्रमाणे बदला

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वैयक्तिक कामाचा काळ. बॅटची चाल, ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) घेताना पावलं, फेकताना खांदा आणि कोपर. या दिवसांत दोन तासांतला दीड तास वैयक्तिक कौशल्याला दिला तरी चालतो. एप्रिलनंतर हे उलटं करा. स्पर्धेच्या आठवड्यात कोणाच्याही बॅटिंगची मोडतोड करून नव्यानं बांधायला घेऊ नका. मुलगी दोन्ही पद्धतींच्या मध्ये लटकते आणि रविवारी पुन्हा पुन्हा आउट होऊन परत येते.

सुरुवातीची पंधरा मिनिटं चेंडू फेकण्याच्या जोड्या मात्र वर्षभर दर आठवड्याला बदला. एका शाळेतल्या मुली नेहमी एकमेकींनाच शोधतात. त्यात वाईट काही नाही, पण बाराव्या मुलीला जोडीदार मिळत नाही तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. जोड्यांची यादी कोचनं करून भिंतीवर लावली की तो प्रसंगच येत नाही.

४. दोघींशिवाय होणारच नाहीत असे सराव निवडा

लहानपणी मी शाळेत खो-खो खेळले. पाटीवर बसलेल्या खेळाडूला खो मिळेपर्यंत उठता येत नाही. तुमचे पाय कितीही वेगवान असोत, मागून येणाऱ्या मैत्रिणीच्या हातावर आणि आवाजावर सगळं अवलंबून. सॉफ्टबॉलमध्येही असे प्रसंग भरपूर आहेत, ते शोधून त्यांचाच सराव करावा.

उंच चेंडूचा सराव घ्या. नियम साधा: जिला घ्यायचा आहे तिनं ‘माइन, माइन, माइन’ असं तीनदा ओरडायचं, आणि दुसरीनं तिचं नाव घेऊन दुजोरा द्यायचा. दोघी एकदम ओरडल्या तर आउटफील्डवालीचा, म्हणजे लांब मागे उभ्या असणारीचा हक्क आधी, कारण ती पुढे धावत येते. इनफील्डवाली मागे धावत असते आणि तिचा तोल कमी असतो.

त्या ऑक्टोबरातल्या दोघींना आम्ही पुढच्या बुधवारी याच सरावाला उभं केलं. मी कोपऱ्यातून चेंडू उडवत होते. सेंटर फील्डवाली फार हळू बोलणारी मुलगी. पहिल्या पाच चेंडूंना तिचा आवाज तिच्या ग्लव्हच्या बाहेर येईना. मुख्य कोचनी तिला ओरडायला सांगितलं नाही. शॉर्टस्टॉपला पाठ करून उभं केलं आणि सांगितलं, “तुला फक्त ऐकू आलं तर बाजूला हो.” सहाव्या चेंडूला सेंटरवाली इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या मैदानावरचे लोक वळले. शॉर्टस्टॉप मागे न बघता बाजूला झाली आणि झेल झाला. मग त्या दोघी परत परत तेच मागत राहिल्या.

बंटचा, म्हणजे बॅटनं हलकेच ढकलून जवळच पाडलेल्या चेंडूचा बचाव असाच. फर्स्ट आणि थर्ड बेसच्या मुली पुढे धावतात, सेकंड बेस फर्स्टवर जाते, शॉर्टस्टॉप सेकंड सांभाळते. एकीचा अंदाज चुकला की चेंडू रिकाम्या बेसवर जातो. आधी चालत करा, मग हळू धावत, मग खऱ्या धावणारीला सोडून. रिलेसाठी, म्हणजे लांबून आलेला चेंडू मधल्या खेळाडूकडून पुढे पोचवण्यासाठी, कॅचरला (बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारीला) बोलायला शिकवा. सगळ्या मैदानाकडे तोंड करून असणारी ती एकटीच, म्हणून चेंडू कुठं टाकायचा हे तिनंच सांगायचं.

५. पिचरला एकटं पाडू नका

पिचरला संघाच्या सरावाबाहेर आठवड्यातून दोन-तीन दिवस टाकावंच लागतं. घरामागच्या अंगणात उलट्या बादलीवर बसून मुलीचे चेंडू पकडणारे वडील इथं घरोघरी दिसतात, त्यांना ‘बकेट डॅड’ म्हणतात. हे कष्ट मोठे आहेत आणि त्याशिवाय पिचर घडत नाही. पण या वाटेनं ती मुलगी संघापासून वेगळी होत जाते.

यावर आम्हाला सापडलेला उपाय असा, की पंधरा दिवसांतून एकदा खासगी शिकवणीला संघाची कॅचरही जाते. पिचरला खरं लक्ष्य मिळतं, कॅचरला चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) कधी अलीकडेच जमिनीवर पडतो ते कळतं, आणि परतताना दोघी मागच्या सीटवर बसून आपले इशारे ठरवतात. खासगी प्रशिक्षकांना एकदा भेटून घ्या आणि सामन्यात मुलीला एकच सूचना द्यायची, दोन नाहीत, हे ठरवून टाका.

हात खालून फिरतो म्हणून खांद्याला त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे. विंडमिल, म्हणजे हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून केलेल्या पिचिंगनंही खांदा दुखावतो. एकाच मुलीला शनिवार-रविवारचे सगळे सामने टाकायला लावू नका. किमान तीन पिचर तयार करा, तिसरी कच्ची असली तरी. तिला तयार करणं हे संघानं तिच्यावर टाकलेल्या विश्वासाचं काम आहे, आणि पहिलीचा खांदाही त्यानंच वाचतो.

६. शनिवार शिकण्याचा, रविवार लढण्याचा

बहुतेक स्पर्धांत शनिवारी गटातले सामने असतात आणि रविवारी बाद फेरी. हा आराखडा वापरून घ्या. शनिवारी सगळ्या मुली बॅटिंगच्या क्रमात, आणि प्रत्येकीला तिच्या दुसऱ्या जागेवर निदान दोन इनिंग. रविवारी मात्र त्या दिवशी जी चांगली खेळत असेल तिला जागा. हे मुलींना आधी सांगितलेलं असलं तर अकरा वर्षांची मुलगीसुद्धा नीट स्वीकारते. न सांगता बसवलं, तर मोठं माणूसही स्वीकारणार नाही. सुरुवातीच्या नऊजणींतली खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, अशी सॉफ्टबॉलच्या नियमांत सोय आहे. स्पर्धेचे नियम वाचून ती वापरा.

७. पाहुण्या खेळाडूंचा मोह आवरा

इथं मी कोणाचंही ऐकणार नाही. आधीच्या एका संघात, नाव सांगत नाही, रविवारच्या सामन्यासाठी बाहेरच्या दोन मुली आणल्या गेल्या. वर्षभर येणाऱ्या आमच्या दोघी बाकावर बसल्या, त्यात एक माझी. सामना जिंकला. परतताना गाडीत ती काही बोलली नाही, आणि ऑगस्टमध्ये त्या संघातून तिघी बाहेर पडल्या. पाहुणी बोलवायची ती कोणी आजारी पडून संख्या कमी पडली तरच, आणि तिनं आपल्या मुलीच्या आधी खेळायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर संघ टिकतो.

मुलीची कॉलेजच्या संघात निवड व्हावी या घाईनं हे सगळं घडतं, म्हणून पालकांना एक गोष्ट सांगते. अमेरिकेत पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांचे सॉफ्टबॉल कोच मुलीशी अकरावीच्या १ सप्टेंबरआधी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात अजून बराच काळ आहे.

८. दोन सामन्यांमधला वेळ वाया घालवू नका

दोन तासांची रिकामी वेळ तंबूखाली जाते. फोन एका पिशवीत ठेवायला लावा. पाणी, फळं, साधं खाणं आणा. मी पहिल्यांदा शेंगदाण्याची चिक्की घेऊन गेले होते. एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी होती हे आधी विचारलं नव्हतं, आणि डबा तसाच परत गाडीत ठेवावा लागला. आता राजगिऱ्याची वडी नेते, तीसुद्धा डबा फोडण्याआधी त्या मुलीच्या आईला दाखवून. मुली त्या डब्याला ‘कोचचे विटांचे तुकडे’ म्हणतात आणि वाटून खातात.

मे-जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीत महिलांची कॉलेज वर्ल्ड सिरीज होते, ती कोणाच्या तरी घरी मिळून बघा. मुलींना चेंडूकडे बघू देऊ नका. चेंडू उजव्या कोपऱ्यात असताना डावीकडची फील्डर काय करते, ते शोधायला सांगा. प्रत्येक चेंडूला ती कुठं ना कुठं कोणाच्या तरी मागे आधाराला धावत असते.

आणि घरी येताना खेळाचा हिशेब काढू नका. आपल्याकडे पेपर संपल्यावर दारातच ‘किती प्रश्न सुटले?’ विचारायची सवय असते. गाडीत तेच सुरू झालं, की मूल पुढच्या सामन्यात मैत्रिणीची चूक शोधायला लागतं, कारण उत्तरात सांगायला काहीतरी हवं असतं. भूक लागली आहे का, एवढंच विचारा.

९. मोसमाअखेर प्रत्येकीशी दहा मिनिटं बोला

प्रत्येकीला तीनच प्रश्न: या वर्षी काय यायला लागलं? पुढच्या वर्षी काय शिकायचं आहे? संघातल्या कोणाकडून काय शिकलीस? उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि ऑगस्टमध्ये नवा संघ उभा करताना वाचा. जिचं नाव तिसऱ्या उत्तरात पुन्हा पुन्हा येतं, तिला आकड्यांत मागे पडली म्हणून सोडू नका. आमच्या जुलैच्या वहीत शॉर्टस्टॉपच्या तिसऱ्या उत्तरापुढे सेंटर फील्डवालीचं नाव आहे, आणि त्यापुढे तिचेच शब्द: “तिचा आवाज आला की मी मागे बघत नाही.”