रैनबसेऱ्याच्या जुन्या देणगीदाराचा सत्कार कसा करावा

रैनबसेऱ्याला, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याला, वर्षानुवर्षं मदत करणाऱ्याचा सत्कार करायचा तर सुरुवात शाल-श्रीफळापासून नको, रजिस्टरपासून करा. पावतीपुस्तकं आणि सामानाची नोंदवही काढून त्या व्यक्तीनं कोणत्या वर्षी काय दिलं याची एक पानभर यादी करा. ब्लँकेटं, गाद्या सगळ्यांच्या लक्षात असतात. थकलेलं वीजबिल, तुंबलेल्या मोरीची दुरुस्ती, इंदूरच्या एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलमधून सुट्टी मिळालेल्या पेशंटचं रिक्षाभाडं कोणी भरलं, हे मात्र विसरलं जातं. मानपत्रात नेमकं तेच हवं. ‘आपले योगदान अमूल्य आहे’ हे वाक्य इंदुरातल्या कुठल्याही सत्कारात खपतं. तुमच्या कागदावर ते नको.

यादी झाली की त्यांना विचारा: जाहीर सत्कार चालेल का? गुप्तदान करणाऱ्याला व्यासपीठावर ओढलं तर तो पुढच्या वर्षी यायचाच बंद होतो. अशांना घरी जाऊन पत्र द्या, काम झालं. होकार आला तरी रक्कम वाचून दाखवू नका, कारण दरमहा शंभर रुपये देणारेही समोर बसलेले असतात. राहिलेल्या पावत्या आधीच पोचवा. २००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर आयकरात सूट मिळत नाही, हे त्यांना माहीत नसेल तर तेही त्याच भेटीत सांगा.

वेळ सकाळी दहाची बरी. राहणारे मजूर काम शोधायला चौकावर गेलेले असतात, झाडलोट झालेली असते. संध्याकाळी ठेवलात तर दिवसभर राबून आलेली माणसं भाषणं संपेपर्यंत जेवणासाठी ताटकळतात, आणि टाळ्यांसाठी त्यांना उठवून बसवलं जातं. हे होऊ देऊ नका. राहणाऱ्यांपैकी कोणाला आपणहून दोन शब्द बोलायचे असतील तर जरूर बोलू द्या, हिंदीत किंवा माळवीत, जसं येईल तसं. लिहून दिलेलं भाषण लगेच ओळखू येतं.

मानपत्र दीडशे शब्दांचं ठेवा. सावकाश वाचलं तरी दोन मिनिटांत संपतं. अक्षर १८ पॉइंटचं, कारण घरी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं जाणार. खरी गडबड छपाईत होते. इथले बहुतेक ऑपरेटर हिंदी टाइप करणारे, त्यामुळे ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ऱ्या’ची मोडतोड होते, आणि काळे आडनावाचे गृहस्थ ‘काले’ होऊन फ्रेममध्ये बसतात. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि कागदावर काढलेलं प्रूफ मराठी वाचणाऱ्या दोघांकडून तपासून घ्या. मोबाइलवर पाहून ‘ठीक है’ म्हणू नका. नाव कसं लिहायचं ते घरच्यांना विचारा. फ्रेम ए-फोर आकाराची, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची. वयस्कर माणसाला जड काच पेलवत नाही.

मे महिन्यात लोकरी शाल म्हणजे शिक्षा. महेश्वरी उपरणं हलकं आणि आपल्या भागातलं. नारळ हातात दिला की लगेच घ्यायला शेजारी कोणीतरी उभं ठेवा. हात असलेली खुर्ची ठेवा आणि कार्यक्रम तळमजल्यावरच घ्या.

एकूण अर्धा तास पुरे. प्रास्ताविक तीन मिनिटं, मानपत्र, सत्कारमूर्तींचं मनोगत, आभार. पाहुणे म्हणून नगरसेवक बोलावलात तर वेळ हातातून गेली असं समजा. नंतर पोहे-जलेबी: तीस जणांना दोन-सव्वादोन किलो कोरडे पोहे आणि दोन किलो जलेबी. दिवसा तिथेच असणाऱ्या आजारी माणसांच्या प्लेटी आधी काढा. हा सगळा खर्च समितीनं आपसात वर्गणी काढून करावा. देणगीच्या पैशातून देणगीदाराचा हार आणणं वाईटच.

फोटो फक्त सत्कारमूर्तींचे आणि समितीचे. राहणाऱ्यांचे चेहरे विचारल्याशिवाय घेऊ नका. काहीजण घरच्यांपासून लपून राहिलेले असतात. दोन-तीन फोटो छापून आठवडाभरात घरी पोचवा. आणि पुढचे तीन महिने त्यांच्याकडे काही मागू नका. कूलर बिघडला तरी दुसरं दार ठोठवा.