आत्याच्या टीव्हीवर फोटो लागेपर्यंत : फोटोंची डीव्हीडी करताना अडलं तर काय बघायचं

देवरुखच्या माझ्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तिच्या परकरपोलक्यातल्या फोटोपासून नातवाच्या मुंजीपर्यंत २१४ फोटो मी गोळा केले, गाणी लावली, डीव्हीडी केली आणि कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी कराडहून पाठवून दिली. पाठवायच्या आधी लॅपटॉपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलीही होती. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "अगं, डिस्क घातली की टीव्हीवर नुसतं 'नो डिस्क' येतंय. मी पुसून परत घातली, तरी तेच."

पेनड्राइव्ह दे, यूट्यूबवर टाक, असं बरेच जण सुचवतात. पण आत्याकडे जुना खोक्याचा टीव्ही आहे, डीव्हीडी प्लेअर आहे, आणि त्या रिमोटची चार बटणं तिला डोळे मिटून दाबता येतात. तिच्या वाडीत नेटचा भरवसा नाही. तिला हवं तेव्हा, कुणाला हाक न मारता फोटो बघता यायला हवेत, म्हणून डीव्हीडीच. ती करताना कुठे कुठे अडतं आणि तेव्हा काय करायचं, ते इथे लिहिते. सॉफ्टवेअर कुठलंही असो, डीव्हीडीस्टायलर, डीव्हीडी फ्लिक, नाहीतर जुन्या विंडोज ७ मधलं डीव्हीडी मेकर, आतलं काम तेच असतं.

आधी हे काम कसं चालतं ते समजून घ्या. तुमचे फोटो आणि गाणी घेऊन सॉफ्टवेअर त्यांची एमपीईजी-२ प्रकारची फिल्म बनवतं. मग त्या फिल्मचे तुकडे 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरात ठरावीक नावांनी मांडतं. त्या फोल्डरची एक आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत (इमेज) होते, ती डिस्कवर राइट होते आणि शेवटी प्लेअर ती वाचतो. तुम्हाला दिसणारी एरर बहुतेक वेळा एका टप्प्यावरची असते आणि चूक त्याच्या आधीच्या टप्प्यावर झालेली असते. म्हणून थेट डिस्क राइट करायला सांगू नका. फक्त आयएसओ बनवा आणि ती व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून पाहा. तिथे नीट चालली तर फोटो, गाणी, मेनू सगळं ठीक आहे आणि गडबड राइट करण्यात किंवा प्लेअरमध्ये आहे. तिथेच बिघडलेली दिसली तर डिस्कला हात लावायचा नाही, मागे जायचं. एवढ्या एका सवयीने माझ्या डिस्क वाया जायच्या थांबल्या.

आत्याच्या डिस्कचं काय झालं होतं? मी सॉफ्टवेअरकडून फक्त फोल्डर बनवून घेतला आणि विंडोजमध्येच तो ओढून डिस्कवर टाकला. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? मी पहिला पर्याय निवडला होता. तशी डिस्क कॉम्प्युटर वाचतो, जुन्या प्लेअरला ती कळत नाही. म्हणून ती आयएसओ फाइल इमेजबर्नसारख्या सॉफ्टवेअरने 'इमेज डिस्कवर लिहा' हा पर्याय घेऊन राइट करायची आणि खाली 'व्हेरिफाय'वर टिक ठेवायची. झाल्यावर डिस्क कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडल्या उघडल्या 'व्हिडिओ टीएस' दिसला पाहिजे. तो दुसऱ्या एखाद्या फोल्डरच्या पोटात असेल, किंवा डिस्कवर नुसती आयएसओ फाइल पडलेली असेल, तर प्लेअर ती लावणार नाही.

काम सुरू होताच एरर

सुरू केल्यावर पाच-दहा सेकंदांत एरर आली तर पहिला संशय नावांवर घ्या. आपण फोल्डरला 'आत्याचे फोटो' असं मराठीत नाव देतो, कधी विंडोजच्या वापरकर्त्याचं नावच मराठीत असतं. खाली जे छोटे प्रोग्राम काम करतात त्यांतल्या जुन्यांना देवनागरी नाव वाचता येत नाही. एररच्या नोंदीत नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं दिसली की हेच कारण समजा. डी ड्राइव्हवर 'डीव्हीडी' असा साधा फोल्डर इंग्रजी अक्षरांत करा, फोटो, गाणी, तात्पुरत्या फाइली सगळं त्यातच ठेवा.

नावं बदलतानाच क्रमही लावून टाका. १, २, १० अशी नावं दिली तर बरीच सॉफ्टवेअर १ नंतर १० घेतात. तीन अंकी नावं द्या : ००१, ००२, ०१०, हेही इंग्रजी आकड्यांत. तारखेने क्रम लावायला जाऊ नका. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तो काढल्याची तारीख उरलेली नसते, त्यामुळे १९६८ चा फोटो काल पाठवला असेल तर तो शेवटी जाऊन बसतो. बाकी डीव्हीडीसाठी व्हॉट्सॲपवरचे फोटो चालतात, त्यासाठी नातेवाइकांच्या मागे लागायची गरज नाही. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र असतंच ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं.

मध्येच हँग होतं

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून चार-पाच एमबीचा दिसतो. उघडल्यावर मात्र तो मेमरीत ४००० गुणिले ३००० गुणिले ३ बाइट, म्हणजे ३६ एमबी जागा घेतो. असे २१४ फोटो म्हणजे साडेसात जीबीच्या वर. जुन्या ३२ बिटच्या प्रोग्रामला साधारण २ जीबीच मेमरी मिळते. ज्या सॉफ्टवेअरला सगळे फोटो एकदम उघडायची सवय आहे ते पन्नासाव्या-साठाव्या फोटोपाशी झोपतं. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की एकगठ्ठा फोटो बदलायची खिडकी येते. तिथून सगळे फोटो १४४० बाय १०८० च्या आत बसवा. त्याच फेरीत नावं बदलतात आणि आडवे पडलेले फोटो सरळही करता येतात. मोबाइल फोटो फिरवत नाही, 'हा उभा आहे' एवढी खूण आत ठेवतो. ती खूण न वाचणारं सॉफ्टवेअर आजोबांना आडवं करतं.

फोटो छोटे करूनही दर वेळी एकाच टक्क्यावर काम थांबत असेल तर एखादा फोटोच खराब आहे. एकेक तपासत बसू नका. १०७ घालून पाहा. झालं तर दोष उरलेल्या १०७ मध्ये. मग त्यातले निम्मे, पुन्हा निम्मे. २१४ मधला एक खराब फोटो जास्तीत जास्त आठ फेऱ्यांत सापडतो. मला सापडला तो आत्याच्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्सचा होता. प्रेसमधून आलेल्या जेपीजीत बहुधा छपाईचे चार रंग असतात, टीव्हीला लागणारे तीन नसतात. अशा फाइलीवर काही सॉफ्टवेअर अडतात, काही तिचे रंग विचित्र दाखवतात. दुसरा नेहमीचा दोषी म्हणजे आयफोनच्या एचईआयसी फाइलीला कुणीतरी नुसतं नाव बदलून जेपीजी केलेली असते. दोन्हींवर उपाय एकच : इरफानव्ह्यूमध्ये उघडून नव्याने जेपीजी म्हणून सेव्ह करा. चार रंगांची फाइल असेल तर रंग बदलले नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

शेवटी शेवटी थांबत असेल तर जागा बघा. फिल्म, फोल्डर आणि आयएसओ असे एकाच गोष्टीचे तीन अवतार एका वेळी हार्ड डिस्कवर असतात, म्हणून भरलेल्या डीव्हीडीसाठी १५ जीबी मोकळी ठेवते. आणि एफएटी३२ प्रकारच्या पेनड्राइव्हवर आयएसओ बनवू नका, तिथे ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोज तीच जागा ४.३८ मोजतं, हेही धरून चाला.

मराठी अक्षरं

या भागात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. मेनूत 'विवाह' लिहिलं की पहिली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसायची. जोडाक्षरांचे पाय मोडायचे. फाँट बदलून काही होत नाही, कारण दोष फाँटचा नसतो. अक्षरं जुळवायचं कामच त्या सॉफ्टवेअरला येत नाही. त्याच्याशी भांडत बसू नका. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये ४:३ आकाराची स्लाइड करा, युनिकोडमध्ये मजकूर लिहा, ती स्लाइड जेपीजी म्हणून बाहेर काढा आणि फोटोंच्या रांगेत घाला. मेनूलाही मागचं चित्र म्हणून हीच पाटी लावा, वर बटण फक्त पारदर्शक चौकटीचं ठेवा.

फाँट जाड घ्या. मी 'मुक्त' नावाचा फाँट घेते, त्यातलाही ठळक. कारण असं की जुना टीव्ही चित्र एकदम काढत नाही. आधी विषम ओळी काढतो, मग सम. एकाच ओळीएवढी बारीक आडवी रेघ अर्ध्या वेळा दिसते, अर्ध्या वेळा दिसत नाही, म्हणजे सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. आपल्या लिपीत तर प्रत्येक शब्दावर आडवी रेघ आहे! बारीक शिरोरेषा टीव्हीवर थरथरते आणि वयस्कर माणसांना ती वाचवत नाही. अंतिम चित्रात शिरोरेषा निदान तीन ओळी जाड असावी. इरकलीच्या चौकड्या आणि पैठणीचे काठ याच कारणाने झगमगतात. त्या फोटोंना अगदी हलका ब्लर द्या आणि त्यांच्यावर झूम, सरकवणं काही लावू नका. लॅपटॉपवर हे दिसणारच नाही, टीव्हीवरच दिसतं.

आणखी एक. खोक्याचा टीव्ही चित्राच्या कडा खातो. डावी-उजवीकडे ३६ आणि वर-खाली २९ ठिपके सोडून मजकूर आणि चेहरे ठेवा. माझ्या पहिल्या डिस्कमध्ये मागच्या रांगेत उभ्या असलेल्या तिन्ही काकांची कपाळं गेली होती.

गाणं आणि फोटो जुळत नाहीत

साडेचार मिनिटांचं गाणं, म्हणजे २७० सेकंद. प्रत्येक फोटो ६ सेकंद, म्हणून ४५ फोटो, असा सरळ हिशोब केला तर फोटो गाण्याच्या ४४ सेकंद आधी संपतात. एक फोटो विरघळत दुसरा येतो तेव्हा दोन्हींचा एकेक सेकंद एकमेकांवर चढतो, त्यामुळे पहिला सोडून प्रत्येक फोटोमागे ५ सेकंदच पुढे सरकतात. २७० ला ५ ने भागा, ५४ फोटो घ्या.

आवाज हळूहळू मागे पडत असेल, चिरकत असेल किंवा येतच नसेल तर गाणी आधीच ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८००० हर्ट्‌झची वेव्ह फाइल करून घ्या. एमपी३ बहुधा ४४१०० ची असते आणि डीव्हीडी-व्हिडिओला ४८००० लागतं. हा बदल सॉफ्टवेअरवर सोडला की कधी जमतो, कधी नाही. व्हॉट्सॲपवर आलेले आवाज व्हीएलसीच्या 'कन्व्हर्ट'मधून वेव्ह करा. आत्याच्या धाकट्या बहिणीने म्हटलेली ओवी मी अशीच घातली आहे.

घरी चालते, त्यांच्याकडे चालत नाही

चित्र काळं-पांढरं येतंय किंवा वर वर सरकतंय तर सेटिंग एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीचं, राहिलंय. आपल्याकडे पाल ही पद्धत, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. न्यू जर्सीतल्या चुलतभावासाठी मात्र मी त्याच फोटोंची दुसरी आयएसओ एनटीएससीत केली, ७२० बाय ४८०. तिकडचे बरेच प्लेअर पाल वाचत नाहीत. रीजन कोडची, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी त्या खुणेची, काळजी नको. भारत पाचव्या रीजनमध्ये आणि अमेरिका पहिल्या, पण घरी केलेल्या डिस्कवर तो कोड घालावा लागत नाही.

चित्र अडखळत असेल तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाचावी लागते तो आकडा, उतरवा. नियमाने ९.८ एमबीपीएस चालतो, पण घरी राइट केलेली डिस्क वाचताना जुन्या प्लेअरची दमछाक होते. मी ८ च्या वर जात नाही, ताशी ३.६ जीबी होतात, फोटोंना पुष्कळ झाले. अजिबातच लागत नसेल तर डिस्कचा प्रकार बघा : जुन्या प्लेअरला वजा आर (डीव्हीडी-आर) बहुधा मानवते, अधिक आर (डीव्हीडी+आर) कधी कधी मानवत नाही. पुसता येणारी आरडब्ल्यू घरी चाचणीला घ्या, देऊ नका, तिचं परावर्तन कमी असल्याने कित्येक प्लेअर ती वाचतच नाहीत. १६ एक्सच्या डिस्कला मी ८ चा वेग ठेवते. बाहेरून लावायचा रायटर असेल तर थेट लॅपटॉपला जोडा. हबमधून पुरेशी वीज न मिळाल्याने मध्येच एरर येते आणि दोष मात्र डिस्कवर जातो.

नाव लिहायचं ते सीडीच्या मार्करनेच. सीडीत माहिती वरच्या पातळ थरालगत असते आणि बॉलपेनचं टोक तो खरवडतं; डीव्हीडीत ती दोन प्लास्टिकच्या थरांच्या मध्ये असते, तरी टोकदार पेन टाळलेलंच बरं. कागदी लेबल चिकटवू नका.

आत्याच्या दुसऱ्या डिस्कमध्ये मी मेनूच ठेवला नाही. घातली की सुरू होते, संपली की पुन्हा पहिल्यापासून लागते. दर दहा वर्षांच्या फोटोंना एक चॅप्टर दिला आहे, एकूण नऊ. ती चार वेळा 'नेक्स्ट' दाबते, तिथे काका आहेत.